नंबर २ चं टोपण: एकदाचे आटे जुळले

मंडळी, माझ्या जुन्या पेट्रोल स्टोव्हच्या टाकीचं टोपण बसलं. हाताने, पान्याशिवाय, थेट तळापर्यंत. टाकी पाण्याने भरली, बर्नरच्या भोकातून सायकलच्या पंपाने हवा मारली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी गेजचा काटा होता तिथेच. त्या आनंदात चहा दोनदा झाला.

देवळाली कॅम्पच्या भंगारातून आणलेला तो बिननावाचा पेटीवाला पेट्रोल स्टोव्ह आठवत असेलच. एक बर्नर, शेजारी पंपासकट टाकी, वरून रंगावर रंग. पेटीच्या घडणीवरून मी त्याला ब्रिटिश लष्कराचा पोर्टेबल कुकर नंबर २ म्हणत होतो. तुमच्यातले काही जण ‘स्वीडिश असणार, पितळेचं काम बघा’ म्हणून अडून बसले होते. नंबर ३ नाही एवढ्यावरच एकमत, कारण त्याला दोन बर्नर. अमेरिकन कोलमन असता तर टाकीवर नाव आणि साल ठोकलेलं सापडलं असतं, स्वीडिश प्रायमस असता तर १९११ पासून चालत आलेलं सालाचं अक्षर. इथे पाटीच उडालेली, आणि टाकीचं टोपण गायब.

सगळं अडलं होतं ते या टोपणावर. टाकीच्या तोंडाला आतून आटे आहेत. एका वर्कशॉपमध्ये कॅलिपर लावून १९ मिमी व्यास, १ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असा निकाल दिला गेला आणि तसं टोपण कातूनही मिळालं. दिसायला सुरेख. चार-पाच आटे लोण्यासारखं आत जायचं आणि मग घट्ट. तेल घालून बघा, आटे साफ करून बघा, तेच. ‘पाना लावा, बसेल’ असा सल्लाही मिळाला. पण तोंडाची पितळी बोशी, म्हणजे आटे असलेलं कडं, टाकीला नुसती झाळलेली आहे. जोर लावला तर आटे तरी जाणार, नाहीतर झाळ तरी सुटणार. ज्या टाकीत दाबाखाली पेट्रोल राहणार, तिथे ‘बसेल’ हा शब्द मला चालत नाही.

आतले आटे मोजायचे कसे? पिच गेजची पाती १९ मिमीच्या भोकात सरळ बसत नाही, तिरकी धरली की कुठलंही पातं बरोबर वाटतं. शेवटी कॉलेज रोडला दवाखाना असलेल्या दंतवैद्य मित्राकडून दातांचा साचा घेतात ते सिलिकॉन मागून आणलं. बोशीत दाबलं, पाच मिनिटांनी फिरवत बाहेर काढलं. आतले आटे जसेच्या तसे बाहेर आले, हवे तसे टेबलावर ठेवून बघा. ज्यांच्याकडे बिनटोपणाच्या टाक्या पडून आहेत त्यांनी हे करून बघाच.

भिंगाखाली मोजले. अर्ध्या इंचात बरोबर १३ आटे, म्हणजे इंचाला २६. १ मिमी पिच असती तर तेवढ्यात १२.७ आले असते. फरक एका आट्याला ०.०२३ मिमीचा. एक-दोन आट्यांत तो सैलपणात खपून जातो, पाचव्या आट्यापर्यंत ०.११ च्या पुढे जातो आणि टोपण अडतं. शिवाय आट्याचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा असतो ६०. व्यासही १९ नव्हे, १९.०५, म्हणजे पाऊण इंच.

इंचाला २६ आणि ५५ अंश म्हटल्यावर जुन्या ब्रिटिश मालात हात घातलेल्यांचे डोळे चमकले असतील. ब्रिटिश स्टँडर्ड ब्रास! व्यास कितीही असो, आटे २६च. पितळी नळ्यांसाठी ठरवलेलं माप. स्वीडिश पक्षाने आता शांत बसावं. अर्थात यावरून फक्त मेट्रिक बाद होतं, स्टोव्ह विलायतेत घडला की इथे हे ठरत नाही. त्याबद्दल पुढे.

आता २६ आटे पाडून देणार कोण? सातपूर-अंबडला सीएनसीवाले, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवाले, पायलीला पन्नास. मशीनला २६ काय नि २७ काय, सारखंच. पण एका नगासाठी सेटिंग लावायला कुणी तयार नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार २०१७ मध्ये उठला तेव्हापासून तिथल्या ओळखीही पांगल्या. शेवटी भद्रकालीतले एक जुने टर्नर चाचा भेटले. त्यांच्या लेथचा लीडस्क्रू (आटे पाडताना टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू) इंचाचा, इंचाला ४ आट्यांचा. मी हिशोब मांडायच्या आत ते म्हणाले, “४ ला २६, म्हणजे २ ला १३. ६५चा गिअर काढ त्या डब्यातून.” २० दात्यांच्या गिअरवरून ६५, ३० वरून ६०. पाच-पाचने वाढणाऱ्या जुन्या संचात ६५ असतोच. टूल ५५ अंशांना घासून घेतलं. मी मध्येच विचारलं, “चाचा, ६०चं चाललं नसतं का?” तर म्हणाले, “घाई असेल तर सीएनसीवर जा ना.”

टोपणाखाली वायसर व्हायटॉनचा, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचा, घातलाय. बाजारातले काळे रबरी वायसर पेट्रोलच्या स्टोव्हला घेऊ नका. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, साधं रबर त्यात फुगतं. पंपाचा चामड्याचा वायसर मात्र मी एरंडेलात भिजवतो. पेट्रोलला ते सहजासहजी दाद देत नाही, आणि खोबरेल नाशिकच्या डिसेंबरात थिजून बसतं.

टाकी सुकत असताना पेटीकडे वळलो. ठरलं होतं सगळा रंग उतरवून नवा ऑलिव्ह मारायचा. झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात रिमूव्हर लावला, आणि दोन थरांखाली बाण! ठोकलेला, तीन रेघांचा, ब्रिटिश सरकारी मालावरची खूण. त्याच्याखाली इंग्रजी ‘आय’ असता तर भारतीय माल, ‘सी’च्या पोटात बाण असता तर कॅनडाचा, दोन ‘डी’च्या मध्ये असता तर ऑस्ट्रेलियाचा. इथे नुसता बाण, आणि बाजूला १९४. शेवटचा आकडा गंजाने खाल्लाय. म्हणजे माझं मत ब्रिटिशवर पक्कं, पण बाणाखालचा पत्राही खडबडीत आहे, तिथे ‘आय’ गंजात गेला नसेल असं छातीठोक म्हणवत नाही. त्यामुळे रिमूव्हर बंद. आता कानकाडीला कापूस, अ‍ॅसिटोन, आणि बोटभर जागा एका वेळी. नवा रंग रद्द. तळाचा थर निघाला तर तोच ठेवणार, ओरखड्यांसकट.

पेटवलेला नाही अजून. पंपाच्या तळाचा एनआरव्ही, म्हणजे हवा उलटी येऊ न देणारी झडप, चिकटलाय, त्यातली बारीक बुचाची गोळी दगड झालीय. आधी तोच काढणार होतो. पण हे लिहिताना डोक्यात आलं की चाचांच्या लेथवर गिअर लावलेलेच आहेत, तर टोपणाऐवजी टूल स्टीलचा पाऊण इंची, २६ आट्यांचा टॅप, म्हणजे आतले आटे पाडायचं हत्यारच का करून घेऊ नये? चुकीची टोपणं कोंबून खराब झालेले आटे त्याने साफ होतील, आणि तो टॅप आपल्यात फिरवता येईल. गिअर उतरवायच्या आत उद्याच जाऊन सांगतो. एनआरव्ही थांबेल.

तोवर एक मदत करा. माझं टोपण साधं आहे, त्याला दाब सोडणारी झडप नाही, आणि ती मी स्वतः घडवणार नाही. ज्यांच्याकडे नंबर २ चं मूळ टोपण आहे त्यांनी त्याचा वरून आणि खालून, पट्टी शेजारी ठेवून, फोटो काढून पाठवा.