चाळीची गॅलरी नवव्या मजल्यावर नेताना

मी आर्किटेक्ट. चाळीच्या पुनर्विकासाच्या सर्व्हेच्या पहिल्या दिवशी टेप घेऊन खोल्या मोजत होते. दहा बाय बारा, वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी. लालबागमधली 1940 च्या आधीची उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) चाळ, तळमजला अधिक तीन मजले, 63 बिऱ्हाडं. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, खोली काय मोजताय? आम्ही तर बाहेरच राहतो."

टेप गुंडाळली आणि पुढचे तीन दिवस गॅलरीतच बसले. पहाटे पिंपं भरण्याची गडबड, दुपारी तांदूळ निवडणं, संध्याकाळी पोरांचा अभ्यास, रात्री अंथरुणं. लाकडी कठडा प्रत्येक दारासमोर नेमक्या एका जागी खोलगट, गुळगुळीत झाला होता. पिढ्यानपिढ्या तिथे कोपरं टेकली होती.

चाळीचे गोडवे मला गायचे नाहीत. मधुमेह असलेल्या आजोबांना रात्री तीनदा गॅलरीच्या टोकाला संडासला जाताना मी पाहिलंय. 1982 च्या संपानंतर गिरणगाव बदलतच गेलं, गिरण्यांच्या जागी टॉवर आले, आणि चाळीतल्या माणसालाही स्वतःचा संडास, लिफ्ट, चोवीस तास पाणी हवंच. टॉवर होणारच होता. आतून तो कसा असेल, एवढंच माझ्या हातात होतं.

पुनर्विकास 33(7) खाली, म्हणजे अशा जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठीच्या नियमाखाली. मुंबईच्या 'विकास नियमावली 2034' प्रमाणे रहिवाशाला किमान 300 चौरस फूट, त्यावर 35 टक्के फंजिबल, म्हणजे जादा मिळणारं क्षेत्र, एकूण 405 चौरस फूट कार्पेट. खाली रिहॅब, म्हणजे जुन्या रहिवाशांची घरं, वर विकासकाने विकायचे सेलचे फ्लॅट. आमच्या ऑफिसात आधी जो प्लॅन तयार होता त्यात मजल्यावर आठ घरं, मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. भर दुपारीही ट्यूबलाइट लागेल असा पॅसेज. मुंबईतल्या कितीतरी रिहॅब इमारतींत हेच दिसतं, आणि तिथे घरं मोठी होऊनही माणसं दार लावून बसतात.

मला कंबाला हिलवरची कांचनजंगा आठवत होती. चार्ल्स कोरियांनी ती 1983 मध्ये पूर्ण केली, 28 मजली. जुन्या बंगल्याचा व्हरांडा ऊन-पाऊस घरापासून दूर ठेवायचा, तोच त्यांनी उंचावर नेला. पण ते श्रीमंतांचे प्रशस्त फ्लॅट. 405 फुटांत प्रत्येकाला व्हरांडा कुठून काढणार? म्हणून तो सगळ्यांत मिळून एक असावा, असं ठरवलं. मजल्यावर आठाऐवजी सात घरं, आणि आठव्याच्या जागी लिफ्टसमोर बाहेर उघडणारी गॅलरी. 63 घरांना आठऐवजी नऊ मजले. एक मजला वाढला.

त्या एका मजल्यावर पाच महिने गेले. विकासकाचं म्हणणं सरळ होतं: ज्या जागेचे पैसे येत नाहीत, ती बांधायला खर्च मात्र येतो. रहिवाशांच्या सभेतही अर्धे जण म्हणाले, गॅलरी नको, तेवढी जागा घरात द्या. त्यांचं चूक नव्हतं. आयुष्य दहा बाय बारात काढलेला माणूस फूट-फूट मोजणारच.

मग एका सभेत मी अगरबत्ती लावली. जुन्या चाळीतच, भर मे महिन्यात, मावशींच्या दारात. धूर दारातून आत शिरला आणि मागच्या खिडकीतून निघून गेला. नंतर जिन्याखालच्या बंद बोळात तीच अगरबत्ती धरली. धूर तिथेच घुटमळत राहिला. बंद पॅसेजमध्ये आग लागली तर असंच होतं, पण अगरबत्तीऐवजी डोळ्यांपुढचं काही दिसू न देणारा काळा धूर. शिवाय दिवे-पंखे सतत चालू, म्हणजे मेंटेनन्स वाढणार. मेंटेनन्स हा शब्द ऐकल्यावर सभा शांत झाली. विकासकाच्या इंजिनिअरलाही पटलं, कारण लॉबी मोकळी असली की धूर बाहेर काढणाऱ्या यंत्रणेवरचा भार कमी होतो.

कठड्याचा नमुना आम्ही साइटवरच उभा केला. माझ्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये आडवे गज होते, दिसायला छान. एका आजीची चार वर्षांची नात आली आणि शिडी चढावी तशी भराभर वर गेली. छातीत धस्स झालं. त्याच संध्याकाळी गज उभे केले, मधली फट चार इंचांहून कमी. खाली बसलेल्या मुलालाही त्यातून रस्ता दिसतो. नैर्ऋत्येच्या पावसाची तिरकी झोड त्या उंचीवर फार जोरात येते, म्हणून गॅलरी पूर्वेला फिरवली.

एक गोष्ट हरले. पार्किंगचे मजले रस्त्यापासून मागे न्यायचे होते. प्लॉट लहान, जमलं नाही. खाली दुकानं आहेत, पण त्यांच्या वरची ती मुकी भिंत मला अजून खुपते.

ओसी, म्हणजे इमारतीत राहायला जाण्याचा दाखला, मिळून वर्ष झालं. गेल्या आठवड्यात गळती तपासायला गेले, तर सातव्या मजल्यावर काचेचं कोटेशन फिरत होतं. धूळ येते, म्हणून गॅलरी स्लायडिंगने बंद करायची. मी सोसायटीला पत्र दिलंय, नोटीस बोर्डावर लागलंय. रविवारी सभा आहे. अगरबत्तीचा पुडा पर्समध्ये टाकून ठेवलाय.