जनुक सापडलंय, मग करपा का संपत नाही?

भातावर करपा आणणाऱ्या बुरशीवर माझं संशोधन आहे. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नाच्या पंगतीत विचारतात, दातांच्या डॉक्टरने तर माझं तोंड उघडं असताना विचारलं: ‘बुरशीचं रोग करणारं जनुक सापडलंय ना? मग ते बंद करा की!’

सापडलंय. एक नाही, बरीच. भाताच्या करप्याच्या बुरशीतून एमएसटी-१२ हा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजे इतर जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन, काढला, की बीजाणू पानावर रुजतो, पानात घुसण्यासाठीचं काळं गोल अंग, अप्रेसोरियम, तेही बनवतो, पण त्यातून पानात घुसणारी खुंटी फुटत नाही. हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. उलट हॉक्स-२ हा दुसरा फॅक्टर काढला तर बीजाणूच धरत नाहीत, तरी नुसत्या तंतूंच्या टोकांना अप्रेसोरियम येतं आणि रोग होतो. आता बंद करायचं ते नेमकं कुठलं?

हेच काकांना सांगितलं होतं, संगमेश्वरकडे. त्या वर्षी पाऊस लांबला, आभाळ हटेना. लोंब्यांच्या माना काळ्या पडून मोडल्या, दाणे पोचट. काका बांधावर उभे. ‘तुझी ती बिनबीजाची बुरशी इथे सोडली, तर ही हटेल?’ म्हटलं, नाही. बीजाणूच नाहीत तर ती पसरणार कशी? ‘मग तू शोधलंस काय?’ आवाज चढला नव्हता. चढला असता तर भांडले तरी असते. मी आपली सांगत सुटले: अप्रेसोरियममध्ये हवेच्या सुमारे ८० पट दाब असतो, मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याच्या थरामुळे तो टिकतो, त्या जोरावर पान फुटतं. त्यांनी एक लोंबी तळहातावर चुरली आणि फुंकली. काही उरलं नाही. काकू म्हणाली, जेवायला चला.

काका आता भात पोटरीत असतानाच ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक फवारतात. ते मेलॅनिन बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतं. एन्झाइमला औषधाचा रेणू बसेल अशी खोबण असते. डीएनएला धरून बसणाऱ्या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरला सहसा तशी नसते. यात माझा काय दोष?

पण पीएचडीच्या अर्जात ‘नव्या बुरशीनाशकासाठी लक्ष्य’ असं मीच लिहिलं होतं. तेव्हाची मी म्हणते, त्याशिवाय पैसे कोण देणार? आजची म्हणते, मग लोकांनी औषध मागितलं की चिडतेस कशाला? दोघींचं पटत नाही. परवाच्या अर्जातही ते वाक्य आहेच.