अक्रोडाएवढं लोणी, लिंबाएवढी चिंच

इंग्लंडमध्ये लीड्सला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात हेडिंग्लीतल्या एका चॅरिटी शॉपमध्ये मला पन्नास पेन्सला पाककृतींची एक पातळ पुस्तिका मिळाली. बी-रो नावाच्या पिठाची. न्यूकॅसलच्या थॉमस बेल यांच्या पेढीचं हे पीठ, त्यात फुगवायची पावडर आधीच मिसळलेली. असलं पीठ वापरायची बायकांना सवय नव्हती, म्हणून १९२०च्या दशकात कंपनी गावोगावी प्रदर्शनं भरवून स्कोन आणि केक करून दाखवायची. लोक कृती मागू लागले, तेव्हा १९२३मध्ये त्यांनी त्या छापून फुकट वाटल्या. उत्तर इंग्लंडमधल्या कितीतरी मुली ही पुस्तिका समोर ठेवून भाजायला शिकल्या.

माझी प्रत बरीच नंतरची आहे. पार्किन नावाच्या केकच्या कृतीशेजारी निळ्या शाईत लिहिलंय, ‘बाबांना सुंठ जास्त लागते. दुप्पट.’ खाली ‘नोव्हें. ६८’. बस, एवढंच. मी दुकानात उभ्या उभ्या ती ओळ तीनदा वाचली. मला एकदम आईची ‘रुचिरा’ आठवली. कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक १९७०चं, आणि त्यातलं माप वाटी-चमच्याचं. घरात तराजू असो-नसो, वाटी असतेच. आमच्या सांगलीच्या घरातल्या प्रतीत शिऱ्याच्या पानावर आईने लिहिलंय, ‘वहिनींचं डोहाळजेवण, ३५ पानं, रवा दोन किलो, थोडा उरला.’ आमच्या घरात कुणी रोजनिशी लिहिली नाही. कुणाचं बारसं कधी झालं आणि पंगतीला किती माणसं होती, हे त्या पुस्तकातच सापडतं.

त्या दिवसापासून मी पाककृतींची जुनी पुस्तकं जमवायला लागले. आज माझ्याकडे त्रेसष्ट पुस्तकं आहेत. चकचकीत फोटोंची, टीव्हीवरच्या शेफची पुस्तकं मी हातात घेते आणि परत ठेवते. मला हवं असतं वापरलेलं पुस्तक. चर्चच्या महिला मंडळाने वर्गणीसाठी छापलेलं, शाळेच्या पालकांनी काढलेलं, युद्धकाळातलं. रात्री झोपताना मी ती कथा-कादंबरीसारखी वाचते. त्यातलं ऐंशी टक्के मी कधी करणार नाही. मूत्रपिंडाची पुडिंगं मला करायचीही नाहीत. पण तीन अंडी आठवडाभर कशी पुरवायची, शिळ्या पावाचं काय करायचं, याचा विचार करणारी बाई त्या पानांत बसलेली असते. तिच्याशी माझं जमतं.

शेजारच्या आजींनी मला युद्धानंतरच्या पुस्तकांची किल्ली दिली. त्या तेव्हा लहान होत्या. रेशनवर माणशी आठवड्याला दोन औंस लोणी मिळायचं. म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम. त्यांनी अंगठ्याचं पेर दाखवून सांगितलं, एवढं. गोळ्या-चॉकलेटवरचं रेशन १९५३मध्ये उठलं आणि सगळंच्या सगळं रेशन संपायला १९५४चा जुलै उजाडला. हे कळल्यावर त्या काळच्या पुस्तकातलं ‘असल्यास लोणी’ हे ‘असल्यास’ मला वेगळंच ऐकू येऊ लागलं. आणखी एक गोष्ट त्यांच्याकडूनच कळली. दूध-पाणी मोजायचा पुस्तकातला ‘गिल’ म्हणजे पाव पाइंट (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त), पण इकडे उत्तरेत बोलताना गिल म्हणजे अर्धा पाइंट! आपल्याकडे तरी शेर आणि पायली गावागणिक कुठे एक होती?

मग कुणीतरी सांगितलं, एवढी आवड आहे तर विद्यापीठात का जात नाहीस. पांढऱ्या घड्याळाच्या मनोऱ्याची पार्किन्सन इमारत मी रोज बसमधून बघत होते. तिथल्या ब्रदरटन ग्रंथालयात पाकपुस्तकांचा मोठा संग्रह आहे. ब्लांश ली या बाईंनी १९३९मध्ये आपली सुमारे दीड हजार पुस्तकं दिली, तिथून तो सुरू झाला. दीड हजार! आणि बाहेरच्या माणसालाही ती वेळ ठरवून वाचता येतात. पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल चालते. पुस्तक फोमच्या उशीवर निजवून देतात आणि पान मिटू नये म्हणून त्यावर मण्यांच्या माळेसारखं वजन ठेवायचं.

मी मागितलं हॅना ग्लास या अठराव्या शतकातल्या इंग्रज बाईंचं पाकपुस्तक. ते पहिल्यांदा १७४७मध्ये निघालं, आणि तेव्हा त्यावर त्यांचं नावही नव्हतं, नुसतं ‘एका बाईकडून’. त्यात ‘हिंदुस्थानी पद्धतीची करी’ आहे. दोन कोंबड्या किंवा ससे, तीन-चार छोटे कांदे बारीक चिरून, तीस मिरे, मोठा चमचाभर तांदूळ. मिरची नाही, हळद नाही. धणे मात्र आहेत, आणि ते भाजायचे कशावर, तर स्वच्छ फावड्यावर, विस्तवावर धरून. चुलीतले निखारे ओढायचं तेच फावडं असणार. ते वाचताना मला धण्याचा वास आला, खोटं सांगत नाही. ज्या बाईने कधी तवा पाहिला नसेल, तिला एवढं नक्की ठाऊक होतं की धणे कच्चे कुटायचे नाहीत.

शेवटी त्या लिहितात, मोठ्या अक्रोडाएवढं ताजं लोणी घाला. मी तिथे थांबले. आपल्याकडे लिंबाएवढी चिंच, सुपारीएवढा गूळ, बोटाच्या पेराएवढं आलं. लिंबू केवढं हे कुणी विचारत नाही, कारण सांगणारीच्या आणि ऐकणारीच्या घरात लिंबू सारखंच असतं. जिच्या परसात अक्रोड पडतात तिने अक्रोड म्हटलं. ग्रॅममधल्या कृतीत कधी चूक होत नाही, पण तिच्यातून परसही दिसत नाही.

यंदा मी पार्किन केलं. पाच नोव्हेंबरला, १६०५मध्ये संसद उडवायच्या कटात पकडलेल्या गाय फॉक्सच्या नावाच्या रात्री, इथे फटाके उडतात, होळ्या पेटतात, तेव्हा यॉर्कशरमध्ये ते खातात. ओटचं भरड पीठ, लोणी, सुंठ आणि काकवीसारखा काळा ट्रीकल. ट्रीकलच्या जागी मी हेअरहिल्सच्या दुकानातला कोल्हापुरी गूळ घेतला. गूळ-लोणी मंद आचेवर नुसतं विरघळवायचं, पाक होऊ द्यायचा नाही. घरभर गुळपापडीचा वास. आजींची सक्त ताकीद होती, डबा पाच दिवस उघडायचा नाही. पहिल्या दिवशी कोरडं लागतं, मग ओलसर चिकट होतं. सहाव्या दिवशी वडी त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी चावून डोळे मिटले आणि म्हणाल्या, सुंठ पुरेशी आहे.

घरी येऊन निळ्या शाईखाली पेन्सिलीने लिहिलं, ‘गूळ २०० ग्रॅम, चिकीचा नको. सुंठ दुप्पटच.’ आणि तारीख.