शिक्षिका असून असले पिक्चर? तुम्ही विचारलंत म्हणून

परवा स्टाफरूममध्ये पुन्हा तेच झालं. डबे उघडलेले, कुणीतरी माझं स्टेटस बघितलं आणि म्हणे, "अगं, तू शाळेत शिकवतेस ना? मग ज्यात भूत बाईंनाच मारतं असला पिक्चर तुला आवडतोच कसा?" नणंद पण हेच विचारते. आईचं वेगळं, तिचं म्हणणं एवढंच की रात्रीचं कशाला बघतेस. गेल्या महिन्यात तर दहावीतल्या एका मुलीनेच गाठलं, "मॅडम, तुम्ही व्हिस्परिंग कॉरिडॉर्स पाहिलाय? तुम्हाला भीती नाही वाटली? म्हणजे टीचर म्हणून?" या मुली कोरियन सिरियल बघत बघत मागे मागे जात 1998 पर्यंत पोचल्यात, कौतुकच आहे. मी तिला "प्रिलिम आलीय, अभ्यास कर" म्हणून पळवलं. पण तो "टीचर म्हणून" डोक्यात राहिला. तर एकदाच सगळं लिहून टाकते, पुढे कुणी विचारलं की हेच पाठवीन.

पाहिलाय त्यांना गोष्ट सांगत नाही. नाही पाहिला त्यांच्यापुरतं: व्हिस्परिंग कॉरिडॉर्स हा दक्षिण कोरियाचा 1998 चा भुताचा पिक्चर. मुलींचं हायस्कूल, रात्री एक वयस्कर बाई शाळेचे जुने अल्बम चाळत बसल्यात, घाबरून आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावतात, सांगतात की जिन्जू मेलीय खरी, पण ती अजून शाळेत येते. सकाळी लवकर आलेल्या मुलींना बाईंचं प्रेत टांगलेलं दिसतं. मुलींनी या बाईंचं नाव ठेवलंय म्हातारी कोल्हीण. त्यांच्या जागी जो सर वर्गावर येतो त्याचं नाव पिसाळलेला कुत्रा, आणि तो आहेच तसा. (माझंही मुलांनी एक नाव ठेवलंय, मला माहितीये, सांगणार नाही.) आणि ती फोनवरची विद्यार्थिनी, उन-यंग, आता त्याच शाळेत शिक्षिका म्हणून आलीय. शाळेत असताना ती जिन्जूची जिवलग मैत्रीण होती. जिन्जूची आई मुदांग, म्हणजे अंगात येणारी, देवऋषीपण करणारी बाई, म्हणून कोल्हीण बाईंचा जिन्जूवर राग. बाईंना आवडत नाही म्हटल्यावर उन-यंगने मैत्रीण तोडली. आणि जिन्जू मेली. बाकीचं तुम्हीच बघा.

कुणी याला स्लॅशर, म्हणजे एकामागून एक खून पडणारा पिक्चर, म्हणतं, पण खून मोजायला बसलात तर निराश व्हाल, भुताने केलेले खून एका हाताच्या बोटांवर मावतात.

आता आत्तापर्यंत मी काय उत्तरं देत आले ते सांगते. पहिलं उत्तर, मेकिंग. लांबलचक कॉरिडॉर, टोकाला युनिफॉर्ममधली मुलगी उभी, आणि मग ती चालत नाही, धावत नाही, धाडकन जवळ, अजून जवळ, एकदम तुमच्या तोंडासमोर. मधली फिल्म कापून टाकली, एवढीच युक्ती, त्याला खर्च तरी किती लागला असणार. कोरियात या शॉटची नंतर इतक्यांनी नक्कल केली की ती आता चेष्टा झालीय, पण अंधारात पहिल्यांदा बघा आणि मग बोला.

दुसरं उत्तर, इतिहास. हे उत्तर मी जरा शिकल्यासवरल्या माणसांना देते. 1996 मध्ये तिथल्या घटनात्मक कोर्टाने सिनेमाची आधीच होणारी सेन्सॉरशिप घटनाबाह्य ठरवली, त्यानंतर दीडेक वर्षात हा पिक्चर आला. शाळेतली मारहाण, मुलींना नको तिथे हात लावणारा सर, नंबरांवरून मुलींची एकमेकींत लावून दिलेली भांडणं, सगळं उघड पडद्यावर. तिथल्या शिक्षक संघटनेने आक्षेप घेतला की शिक्षकांची बदनामी होतेय. पिक्चर तरीही दणकून चालला, कारण बघायला कोण आलं होतं, तर त्याच शाळांमधल्या मुली. मग त्याच नावाखाली एकामागून एक करत 2021 पर्यंत आणखी पाच भाग निघाले.

ही दोन्ही उत्तरं खरी आहेत. पण मी तो पिक्चर आठव्यांदा, नवव्यांदा का बघते, त्याचं हे उत्तर नाही, आणि तुम्हीही ते ऐकून "बरं" म्हणता आणि पुन्हा तेच विचारता म्हणजे तुम्हालाही ते पटलेलं नाही.

पहिल्यांदा बघितला तेव्हा मी बी.एड.ला होते, हॉस्टेलमध्ये मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, चौघी एका कॉटवर. पिसाळलेला कुत्रा मेला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या. प्रत्येकीला आपापले सर आठवत होते, छडी, डस्टर, बाकावर उभं करणं. त्याच सुमारास आरटीईचा, म्हणजे शिक्षणहक्काचा, कायदा आला होता, कलम 17 आम्हाला पाठ होतं, मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला बंदी. मी तेव्हा ठरवलं होतं की मी कधी कुणाला मारणार नाही. आणि मी मारलेलं नाही. आजपर्यंत एकाही पोराला हात लावलेला नाही, विचारा कुणालाही. कलमाच्या पहिल्या अर्ध्या भागापुरती मी स्वच्छ आहे.

आता दुसरा अर्धा भाग.

नोकरीचं चौथं का पाचवं वर्ष, नववीचा वर्ग माझा, पट 64. दोन मुली होत्या, नावं लिहीत नाही. एक फार हुशार, बोर्डात शाळेचं नाव काढेल असं सगळे धरून चाललेले. दुसरी साधारण, पन्नास-पंचावन्न टक्केवाली, बडबडी, छान हसायची, वहीच्या मागच्या पानावर मेंदीच्या डिझाइन काढायची. दोघी पहिलीपासून एका बाकावर. पहिल्या घटक चाचणीत हुशार मुलीचे गणितात मार्क पडले, तिचे आईवडील शाळेत आले, मुख्याध्यापकांनी मला बोलावलं, आणि मी त्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, "तिच्या नादाला लागलीस तर नव्वद टक्के विसर." आणि बाक बदलला. संपलं. दोन मिनिटांचं काम. तुम्हीही केलं असेल, स्टाफरूममधल्या सगळ्यांनी केलेलं आहे, कृपा करून मला साळसूदपणा दाखवू नका.

फक्त ही मुलगी जरा जास्तच आज्ञाधारक निघाली. तिने मैत्रिणीला सगळ्यांसमोर सांगितलं की मॅडमनी तुझ्याशी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. आणि मॅडमनी सांगितलंय म्हटल्यावर बाकीच्याही बोलेनाशा झाल्या. मला हे कळलं ते मधल्या सुट्टीत कॉरिडॉरमधून जाताना. वर्गात घोळके करून पोरी डबा खात होत्या आणि ही एकटी खिडकीजवळच्या बाकावर. डब्याचं झाकण तिने एका हाताने उभं धरलं होतं, पडद्यासारखं, आणि त्याच्याआड मान खाली घालून खात होती. चवळीची उसळ होती. का लक्षात राहिलं माहीत नाही, राहिलं. मी थांबले नाही. माझी ऑफ पीरियडची सही राहिली होती.

पुढच्या आठवड्यात ती स्टाफरूमच्या दारात आली. मी पेपर तपासत होते. "मॅडम, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "आत्ता नको, नंतर ये." ती नंतर आली. तेव्हा निवडणुकीच्या ड्युटीची ऑर्डर आली होती आणि आम्ही सगळे त्यावर तावातावाने बोलत होतो, मी हातानेच थांब म्हटलं. तिसऱ्यांदा आली का, मला आठवत नाही. आली असेल असं मला वाटतं, कारण दाराशी अर्धवट दिसणारा स्कर्ट आणि लाल रिबन असं काहीतरी आठवतं, पण ती दुसरी कुणीही असू शकते, शाळाभर लाल रिबनी होत्या.

एप्रिलमध्ये तिची आई दाखला न्यायला आली. कारणाच्या रकान्यात "पालकांच्या विनंतीवरून". क्लार्कने लिहिलं, मुख्याध्यापकांनी सही केली, माझा संबंधही आला नाही.

बस, एवढंच. कुणी मेलं नाही, कुणी टांगलं गेलं नाही. तुम्ही म्हणाल एवढ्यावरून काय, मी पण हेच म्हणते, वर्षानुवर्षं म्हणतेय. हुशार मुलीला 94 टक्के मिळाले, पेढे आले, मी खाल्ले.

त्याच मे महिन्यात कधीतरी मी तो पिक्चर पुन्हा लावला, सुट्टी होती, सहज. आणि यावेळी मला गोष्ट जिन्जूच्या बाजूने बघताच येईना. उन-यंगच्या बाजूनेही नाही. मी त्या पहिल्या सीनमध्येच अडकले, ती बाई एकटी बसून जुने अल्बम उलटतेय, चेहरे बघतेय, एक चेहरा शोधतेय. हॉस्टेलमधल्या मला ती बाई फक्त पहिली बळी वाटली होती, तिला मारल्याशिवाय पिक्चर सुरू कसा होणार. आता वाटलं की या बाईला निदान अल्बम काढून बघावासा वाटला.

हॉस्टेलमधली मी लगेच म्हणते, वा, म्हणजे आता कोल्हिणीची बाजू घेणार तू. तर नाही. बाजू घेत नाहीये. पण हॉस्टेलमधल्या त्या मुलीला 64 चा पट दिला नव्हता कुणी, तिने पालकसभा घेतली नव्हती, ती टाळ्या वाजवत होती. आणि ती बरोबर होती का? काही बाबतीत होती. हे भांडण माझं चालूच असतं, दर वेळी पिक्चर संपल्यावर वेगळंच कुणीतरी जिंकतं.

कोरियात एक जुनी दंतकथा आहे, मिर्यांग गावची. आरांग नावाची अधिकाऱ्याची मुलगी, तिचा खून होतो, पत्ता लागत नाही. मग त्या गावात जो नवा अधिकारी येईल तो पहिल्याच रात्री मेलेला सापडतो. लोकांना वाटतं भूत मारतं. ती मारत नसते, ती तक्रार घेऊन येते, आणि ती तोंड उघडायच्या आत साहेब भीतीने मरतात. शेवटी एक जण ऐकून घेतो, ती सांगते मी उद्या पांढरं फुलपाखरू होऊन खुन्याच्या डोक्यावर बसेन, आणि तसंच होतं. आपली हडळ पिंपळावरून येणाऱ्याजाणाऱ्याला धरते, कोरियातलं भूत निदान जुन्या काळी तरी आधी कचेरीत यायचं. मला ही गोष्ट वाचून हसू आलं आणि मग नाही आलं. 1998 च्या भुताने कचेरी सोडलेली आहे. नऊ वर्षं ती नुसती वर्गात बसते, नावं बदलून, दर अल्बममध्ये तोच चेहरा, आणि एकाही शिक्षकाच्या लक्षात येत नाही. लोकांना हे लॉजिकमधलं भोक वाटतं. मला विचाराल तर सगळ्या पिक्चरमध्ये हीच गोष्ट सगळ्यात खरी आहे. गेल्या वर्षीच्या वर्गातली चाळीस नावं सांगा म्हटलं तर मला येणार नाहीत.

तर भीती वाटते का, टीचर म्हणून. हो. भुताची नाही, तो कॉरिडॉरचा शॉट आता मला पाठ आहे. दुसऱ्या शेवटाची वाटते, म्हणजे जिन्जू गेल्यावर सगळं शांत होतं आणि मग दुसरीच एक मुलगी, जिचं नंबरापायी मैत्रिणीशी तुटलं आणि जिने जीव दिला, ती वर्गात बसलेली दिसते. तिथे मी दर वेळी पॉज करते. का करते, विचारू नका.

आता शेवटची गोष्ट, जी मी स्टाफरूममध्ये सांगितलेली नाही. मागच्या दिवाळीत कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात बिलिंगच्या रांगेत होते. काउंटरवर ती होती. केस बांधलेले, गळ्यात दुकानाचं कार्ड, हातावर मेंदी, अगदी बारीक कामाची. मी ओळखलं. तिने कपडे स्कॅन केले, घडी नीट घातली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, पिशवी आणलीय का?"

मॅडम तर ती सगळ्यांनाच म्हणत असणार.

मी म्हटलं, नाही आणली. तिने दहा रुपये बिलात धरले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं.