तुम्ही विचारलंत म्हणून: बाटलीतले सोने पिवळे का दिसत नाही?

तुरीच्या हंगामात गावी आले, की कोणी ना कोणी विचारतेच, "ताई, बाटलीत सोनं हाय म्हंता, त मंग ते पिवळं काऊन नाही दिसत?" मी प्रयोगशाळेत सोन्याच्या अतिसूक्ष्म पुंजक्यांचे चमकणारे द्रावण बनवते, तीच ही बाटली. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सराफाचा तराजू असतो, म्हणून आधी हिशेब सांगते: द्रावणाच्या एका खेपेला जेमतेम 10 मिलिग्रॅम सोने लागते, त्यात नाकातली चमकीही घडणार नाही.

पिवळेपणा हा सोन्याच्या सुट्या अणूचा गुण नव्हे. असंख्य अणू एकत्र नांदतात तेव्हा तो येतो. दहा-वीस नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण केले, तर द्रावण लाल दिसते. कण दोन नॅनोमीटरहूनही लहान झाला, अणू पंचविसाच्या आसपास उरले, की इलेक्ट्रॉनांना मोकळे रान राहत नाही आणि त्यांना ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहावे लागते. अशा पुंजक्याला अतिनील प्रकाश दिला, तर त्यातली काही ऊर्जा तो लाल प्रकाशाच्या रूपाने परत करतो.

कृती 2009 साली प्रसिद्ध झालेली आहे. गायीच्या रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाचे द्रावण आणि सोन्याच्या आम्लाचे (क्लोरोऑरिक आम्लाचे) द्रावण सारख्या आकारमानात मिसळायचे, दोन मिनिटांनी सोडियम हायड्रॉक्साइड घालायचे आणि 37 अंशांवर बारा तास ढवळत ठेवायचे. प्रथिनच सोन्याचे क्षपण करते, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन आम्लातले सोने धातुरूपात आणते, आणि तेच पुंजक्याला आवरून धरते. मात्र आमच्याकडे मे महिन्यात खोलीच 43 अंशांवर असते, आणि उबवणी यंत्राला तापवता येते, निववता येत नाही. त्या दिवसांतले माझे द्रावण चमकले खरे, पण आधीच्या खेपांशी त्याची तुलनाच करता येईना; तेव्हापासून उन्हाळ्यात मी फक्त मोजमापे करते.

मोजमापातही मी फसले आहे. द्रावण जितके दाट तितकी चमक जास्त, असे धरून चालले होते. प्रत्यक्षात दाट द्रावणाचा पुढचा थरच दिव्याचा प्रकाश गिळून टाकतो आणि उपकरणाला मधला भाग अंधारात दिसतो. पातळ केल्यावर चमकेच्या आलेखातले 640 नॅनोमीटरजवळचे, म्हणजे लाल प्रकाशाचे, शिखर वर आले. शोषलेल्या शंभर फोटॉनांपैकी (प्रकाशकणांपैकी) सुमारे सहाच प्रकाशरूपाने बाहेर पडतात, हा आकडा ऐकून गावकरी हिरमुसतात. मला तो पुरेसा वाटतो.

एकदा या द्रावणाची एक कुपी मी कापसाच्या अडत्याकडे नेली. उजेडात ते द्रावण कोऱ्या चहासारखे तपकिरी दिसत होते. नोटा तपासण्याच्या दिव्याखाली धरताच ते निखाऱ्यासारखे लाल झाले, आणि दिवा बंद करताच पुन्हा तपकिरी. पाण्यात विरघळलेल्या पाऱ्याच्या आयनांनी (विद्युतभारित अणूंनी) ही चमक विझते, हे मी बोलून गेले, तर एकाने लगेच आपल्या विहिरीचे पाणी तपासून मागितले. मी नाही म्हटले, कारण काही परिस्थितीत तांब्यानेही ही चमक मंदावते, आणि त्यांच्या शेतावर तांबे असलेल्या बोर्डो मिश्रणाची फवारणी नुकतीच झाली होती.