शून्य रुपयांचं पाकीट

रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी टीवायला अर्थशास्त्र शिकवते. फेब्रुवारीत विश्वास आणि फसवणूक हा टॉपिक होता, म्हटलं नुसतं वाचून दाखवण्यापेक्षा खेळूनच बघू. १९९५ मध्ये बर्ग, डिकहॉट आणि मॅककेब या तिघा संशोधकांनी अमेरिकेत केलेला प्रयोग. एका खोलीतल्या माणसाला १० डॉलर द्यायचे, त्यातले हवे तेवढे त्याने दुसऱ्या खोलीतल्या अनोळखी माणसाला पाठवायचे, वाटेत त्यांचे तिप्पट होणार, मग त्या दुसऱ्याने मनात आलं तर काही परत करायचं, नाहीतर सगळं खिशात. कोण कोणाशी खेळलं ते शेवटपर्यंत कळत नाही. पुस्तकी गणित म्हणतं की दुसरा छदामही परत करणार नाही आणि हे माहीत असल्यामुळे पहिला काही पाठवणारच नाही. प्रत्यक्षात ३२ पैकी ३० जणांनी पाठवलं, सरासरी ५.१६ डॉलर, आणि परत आले सरासरी ४.६६.

आमच्याकडे डॉलरच्या जागी रुपयाची नाणी, साधी पाकिटं आणि त्यांच्यावर फक्त नंबर. अर्धी मुलं शेजारच्या वर्गात बसवली. बहुतेकांनी चार-पाच रुपये पाठवले आणि थोडंफार कमीजास्त होऊन परतही आले, म्हणजे तसं पुस्तकासारखंच चाललं होतं. पण एका पाकिटात पूर्ण दहा गेले होते, पलीकडे त्याचे तीस झाले, आणि पाकीट परत आलं ते रिकामं.

सगळे एकत्र बसल्यावर मी आकडे फळ्यावर लिहिले, नावं विचारणार नव्हतेच. तर मागच्या बाकावरचा एक मुलगा आपणहून उभा राहिला. "मॅडम, ते रिकामं पाकीट माझं. मुद्दाम ठेवले सगळे. आमच्या घरी वाशीहून पट्टी येते ना, ती अशीच येते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बागायतदार हापूसच्या पेट्या वाशीच्या घाऊक बाजारातल्या दलालासाठी ट्रकमध्ये चढवतो आणि त्याचं काम तिथेच संपतं, पुढे कुठली पेटी कोणी कितीला घेतली हे त्याला दिसत नाही, पूर्वी तर रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा. नंतर दलालाकडून हिशोबाचा कागद येतो, भाडं, हमाली, कमिशन सगळं वजा होऊन, तीच पट्टी. त्यात मोसमाच्या आधी दलालाकडून उचल घेतलेली असली की तोंड उघडायची सोय नाही. या मुलाच्या बाबांच्या पट्टीत अर्धा माल डागी दाखवलेला, आणि त्याच दिवशी त्याच गाळ्यावर उभ्या असलेल्या त्याच्या मामाने माल चांगल्या भावाने जाताना बघितलेला.

वर्ग गप्प. आणि पहिल्या बाकावरची मुलगी वळून म्हणाली, "अरे पण ते दहा मी पाठवले होते. दलालाने नाही."

तिची आई मिरकरवाड्याच्या जेटीवर लिलावात मासळी उचलते, बरेचदा उधारीवर, विकून झाली की पैसे पोचते करते. कागद नाही काही नाही. एका दिवशी बुडवलं तर दुसऱ्या दिवशी त्याच जेटीवर कोणी पाटी देणार नाही, हे तिने इतकं सरळ सांगितलं की मला पुढे समजवायची गरजच पडली नाही. मी एवढंच जोडलं की त्या अमेरिकन प्रयोगात उद्या भेटायचंच नव्हतं, तरी लोकांनी परत केलं. म्हणजे नुसती उद्याची भीती नाही, आपल्यावर कोणी भरवसा टाकला याचंही माणसाला काही वाटतं.

मग उरी ग्नीझी या अर्थशास्त्रज्ञांचा खोटं बोलण्यावरचा २००५ चा अभ्यास सांगितला, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. खोटं बोलून आपल्याला १ डॉलर जास्त मिळतो आणि समोरच्याचा १ जातो, तेव्हा ३६ टक्के लोक खोटं बोलले. फायदा तोच १, पण समोरच्याचे १० जाणार म्हटल्यावर १७ टक्केच. दोन्हीकडे १०-१० झाले तर ५२ टक्के. म्हणजे माणूस आपला फायदा बघतोच, पण समोरच्याचं किती जातंय हेही मोजतो. पट्टी लिहिणाऱ्याला ते मोजायचीच वेळ येत नाही, डागी मालाच्या रकान्यात एक आकडा फिरवला की झालं, बाग तिथून कोसभर नाही, तीनेकशे किलोमीटर लांब. पिढ्यान्‌पिढ्या चोख हिशोब देणारे दलाल आहेत, मी स्वतः ओळखते, त्यामुळे सगळ्यांना एका माळेत ओवणार नाही. पण पेटीवार भाव आणि घेणाऱ्याचं नाव पट्टीवर आलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि तेव्हापासून मी जिथे बागायतदार भेटतील तिथे हे बोलते.

त्या मुलाने ते तीस रुपये त्या दिवशी काही परत केले नाहीत, मी पण सांगितलं नाही. आठवड्याने कँटीनमध्ये त्याने तिला वीस दिले म्हणे, आणि तिने ते मोजून घेतले.

त्या मोसमात त्याच्या बाबांनी निम्म्या पेट्या वाशीला न पाठवता पुण्याच्या घरगुती गिऱ्हाइकांना दिल्या, आंबा पिकला की खाऊन बघा, मग पैसे पाठवा असं फोनवर सांगून. बहुतेकांचे आले. एकदोघांचे अजून यायचे आहेत, आणि यंदाही त्यांनी तसंच ठरवलंय.