नाना, सही करू नका

2009 चा फेब्रुवारी. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनायचे आणि गाड्यांचा खप पार बसला होता. आधी ले-ऑफ झाला, म्हणजे नोकरी राहिली पण काही काळ काम बंद. मूळ पगार आणि महागाई भत्ता धरून निम्म्यावर घरं चालली. मग एका सोमवारी पहिल्या पाळीला फलकावर मशीन शॉपची ज्येष्ठता यादी लागली. कामगार कपातीच्या किमान सात दिवस आधी ही यादी लावावी लागायची, त्यामुळे ती दिसली की पुढचं कुणाला सांगावं लागायचं नाही. कायम कामगार शंभराच्या आत, म्हणजे कपातीसाठी सरकारच्या परवानगीचा अडसरही नव्हता. खालची बारा नावं जाणार होती. सगळी पंचविशी-तिशीतली पोरं.

मी तेव्हा युनियनचा सरचिटणीस. शेवटी आला तो आधी जाईल, हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या 25-जी कलमाचा नियम. ज्याचं नाव तळाला आहे त्याच्यासमोर उभं राहून तो सांगणं फार जड जातं. तरी मी तो सोडायला तयार नव्हतो आणि आजही नाही. तो नसता तर पहिली कुऱ्हाड पगार जास्त असलेल्यावर पडली असती, गुडघे गेलेल्यावर पडली असती, गेटवर उभं राहून बोलणाऱ्यावर तर नक्कीच. पंचवीस वर्षं मशिनवर काढलेल्या माणसाकडे साहेबाच्या मर्जीवर अवलंबून नसलेली एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्याची रुजू झाल्याची तारीख.

नऊच्या चहाला लेथवरचे नाना माझ्याकडे आले. यादीत त्यांचं नाव वरून तिसरं. म्हणाले, "भाऊ, माझं कर्ज फिटलं, पोरीचं लग्न झालं. खालच्या एका पोराला ठेवायला सांग, माझा हिशेब कर." मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून कागद काढला. पर्सोनेल मॅनेजरनी सकाळीच केबिनमध्ये बोलावून दिलेला. वर "मी माझ्या स्वखुशीने राजीनामा देत आहे" असं टाइप केलेलं, खाली सहीला जागा. नानांच्या जागी कुणाला ठेवणार, यावर त्यात एक अक्षर नव्हतं.

"नाना, सही करू नका," मी म्हणालो. "आज तरी नाही."

चौकशी केली तर वरच्या बऱ्याच जणांना असाच एकेकट्याने बोलावणं गेलेलं. म्हणजे खालून बारा जाणार ते जाणारच आणि वरूनही माणसं गळणार. नानांचा मोठेपणा कंपनीच्या खिशात गेला असता आणि पोरगं घरी बसलंच असतं. दुसरी गोष्ट नानांनाही माहीत नव्हती. स्वेच्छानिवृत्ती ही कायद्याने कपात धरली जात नाही. कपातीत गेलेल्याला पुन्हा भरती निघाली तर त्याच कायद्याच्या 25-एच कलमाखाली पहिला हक्क होता. राजीनामा देणाऱ्याला तो नव्हता. सही करणारा परतीची वाट स्वतःच बंद करतो, आणि हे त्याला सहीच्या आधी कळलं पाहिजे.

दुपारी आम्ही कमिटीचे सगळे आत गेलो. 25-जी मध्येच सवलत होती की मालक-कामगारांत करार झाला तर क्रम बदलता येतो, आणि मला तेवढीच फट हवी होती. मागणी सरळ ठेवली. जुन्या माणसांना व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती द्या, पण अर्ज युनियनमार्फत येतील, केबिनमध्ये कुणालाही एकट्याने बोलवायचं नाही. एक जुना गेला की त्याच प्रवर्गातलं, म्हणजे त्याच प्रकारचं काम करणारं, तळाच्या बारांतलं सगळ्यात वरचं नाव यादीतून निघेल. आणि अर्ज मंजूर होईपर्यंत तो मागे घेता येईल. या शेवटच्या अटीवर साहेब उसळले. मी त्यांना 2000 सालच्या सरकारी बँकांच्या व्हीआरएसची आठवण दिली. अर्ज केलेल्या कर्मचाऱ्यांना तो मंजुरीआधी मागे घेता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये त्याच प्रकरणात म्हटलं होतं. त्यांच्या सल्लागाराने मान हलवली, तेव्हा कुठे आवाज खाली आला.

पैशांवरून मात्र रात्र झाली. कपातीत कायद्याने सेवेच्या प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचा पगार मिळतो. व्हीआरएसला आम्ही 45 दिवसांवर आणलं, ग्रॅच्युइटी वेगळी. व्हीआरएसच्या रकमेवर 5 लाखांपर्यंत प्राप्तिकर नाही, हेही सगळ्यांना समजावून सांगितलं. करार पुढे सहायक कामगार आयुक्तांसमोर सह्या करून नोंदवला.

सात जुन्यांनी अर्ज दिले. त्यातल्या एकाने दोन दिवसांनी तो परत घेतला. बायको रडली म्हणाला. कुणी त्याला नावं ठेवली नाहीत, मी ठेवूही दिली नसती. जाणं खुशीचं असेल तर न जाणंही खुशीचंच हवं. सहा गेले, सहा पोरं राहिली. नाना त्या गेलेल्या सहांत होते. यादीतल्या उरलेल्या सहा पोरांची कपात झाली आणि त्यांची नावं, पत्ते, रुजू तारखा मी युनियनच्या रजिस्टरात लिहून ठेवल्या.

2010 मध्ये ऑर्डरी वाढल्या तेव्हा कंपनीने आधी ठेकेदाराची माणसं आणायचं बघितलं. आम्ही ते रजिस्टर आणि 25-एच पुढे ठेवलं, आणि सहाही जणांना ज्येष्ठतेच्या क्रमाने रजिस्टर्ड पोस्टाने पत्रं गेली. एकाने तोवर गावी दुकान टाकलं होतं, पाच जण परत आले.

हे सगळं आता लिहिण्याचं कारण म्हणजे 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी लागू झालेली औद्योगिक संबंध संहिता. कपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा 100 वरून 300 कामगारांवर गेली, त्यावर बरीच ओरड झाली आणि ती रास्तच आहे. पण परत बोलावण्याच्या हक्काला एक वर्षाची मुदत लागली, त्याबद्दल फारसं कुणी बोलताना दिसत नाही. जुन्या 25-एच मध्ये अशी मुदत नव्हती. आमच्या पोरांना पत्रं गेली ती जवळपास दीड वर्षाने.